पेट्रोलचा पैसा आणि नगराचे नळ

इ. स. २००० च्या मे महिन्यांत कॅनडा देशाच्या ऑन्टॅरिओ प्रांतांत, वॉकर्टन नांवाच्या लहानशा गांवीं, फार मोठा पाऊस झाला. गांवची वस्ती सुमारें पांच हजारांची; भोंवतीं शेतें, गोठे आणि कुरणें. पावसाच्या लोटाबरोबर शेणखतांतील घातक जंतु एका उथळ विहिरींत उतरले, आणि त्याच विहिरीचें पाणी गांवच्या नळांना जात होतें. पाण्यांत क्लोरिन पुरेसें घातलें जात नव्हतें. नोंदवहींतले आंकडे मात्र सर्व कांहीं यथास्थित असल्याचें सांगत होते. थोड्याच दिवसांत दोन हजारांहून अधिक माणसें आजारी पडलीं, आणि सात दगावलीं. पुढल्याच वर्षीं सस्कॅचवन प्रांतांतील नॉर्थ बॅटलफोर्ड येथेंहि नळाच्या पाण्यांतून रोग पसरला व हजारों लोक अंथरुणाला खिळले.

वॉकर्टनच्या प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ति ओकॉनर यांनीं केली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालांत दोष एकाच्याच माथीं मारलेला नाहीं. पाणीपुरवठा चालविणाऱ्यांचा हलगर्जीपणा तर होताच, पण देखरेखीच्या खात्याचा खर्च छाटणाऱ्या प्रांतिक सरकारलाहि त्यांनीं जबाबदार धरलें. तेव्हां केवळ पैसा नव्हता म्हणून माणसें मेलीं, असें म्हणणें सत्याला सोडून होईल. परंतु त्या दोन घटनांनीं एका सुखवस्तु राष्ट्राचें लक्ष रस्त्यांच्या पोटाकडे वळविलें. नळ उघडतांच पाणी यावें, तें निर्मळ असावें, आणि वापरलेलें पाणी गटारांतून मुकाट्यानें निघून जावें, एवढी गृहस्थाची नगराकडून अपेक्षा असते. ती पुरी होत असते तोंवर त्या नळांचें वय काय आणि ते बदलण्यास पैसा कोठून यावयाचा, हा विचार सहसा कोणी करीत नाहीं. कॅनडांत तो विचार सुरू झाला, आणि पांच वर्षांच्या आंत पेट्रोलवरील केंद्रीय कराशीं त्याची गांठ पडली. नळाची आणि पेट्रोलची ही सोयरीक कशी जुळली, हा इतिहास मोठा उद्‍बोधक आहे.

कॅनडाची राज्यघटना १८६७ सालची. ब्रिटिश पार्लमेंटनें केलेल्या त्या कायद्याच्या ९२ व्या कलमांत प्रांतांच्या अधिकारांची यादी आहे, आणि तींतील आठवी बाब नगरपालिकांची. म्हणजे शहरें हीं प्रांतांचीं लेंकरें. ओटावा येथील केंद्र सरकारशीं त्यांचें घटनेनें मानलेलें नातें नाहीं. त्या काळीं ह्यांत वावगें कांहींच नव्हतें. बहुतेक लोक शेतावर राहत. गांवच्या मंडळीनें पूल आणि दिवाबत्ती पाहावी व त्यासाठीं घरपट्टी गोळा करावी, एवढाच त्या संस्थांचा व्याप होता. पुढें सव्वाशें वर्षांत देशाचें रूप पालटलें. पांचांतलीं चार माणसें शहरवासी झालीं. भुयारी रेल्वे, मोटारबस, सांडपाणी शुद्ध करणारे कारखाने, कचऱ्याची विल्हेवाट, हा सगळा भार नगरपालिकांवर आला. उत्पन्नाचें मुख्य साधन मात्र तीच जुनी घरपट्टी राहिली. आयकर, विक्रीकर आणि पेट्रोलवरील कर हे सर्व केंद्राच्या व प्रांतांच्या हातीं होते. देशांत गोळा होणाऱ्या कराच्या प्रत्येक डॉलरपैकीं आमच्या पदरीं अवघे ८ सेंट पडतात, असें महापौर मंडळी जाहीरपणें सांगत असे.

घरपट्टीचा स्वभावच असा आहे कीं ती व्यापारउदीम वाढला म्हणून आपोआप वाढत नाहीं. आयकराची रक्कम लोकांच्या मिळकतीबरोबर फुगते. घरपट्टी वाढवावयाची म्हणजे नगरसेवकांनीं हात वर करून ती वाढवावी लागते आणि मतदारांच्या शिव्या खाव्या लागतात. शिवाय ज्या म्हाताऱ्या विधवेला घराखेरीज दुसरी मिळकत नाहीं, तिलाहि ती चुकत नाहीं. यास्तव नगरसेवक काय करीत? घरपट्टी वाढवीत नसत, आणि नळ बदलण्याचें काम पुढल्या वर्षावर ढकलीत. जमिनीखालचा नळ कुरकुरत नाहीं; तो एके दिवशीं फुटतो.

केंद्रानें शहरांना हात देण्याचे प्रयत्न पूर्वीं केलेच नव्हते असें नाहीं. १९७१ सालीं ओटावा येथें नागरी कारभाराचें एक स्वतंत्र खातें उघडण्यांत आलें. प्रांतांनीं कपाळाला आठ्या घातल्या, आणि १९७९ त तें मोडण्यांत आलें. १९९४ सालीं दुसरी युक्ति निघाली. केंद्र, प्रांत आणि नगरपालिका ह्यांनीं प्रत्येकीं एक तृतीयांश खर्च सोसावा, आणि केंद्राचा वांटा २ अब्ज डॉलर्स असावा. ह्या योजनेनें कामें झालीं, हें खरें. परंतु अर्ज करा, वाट पाहा, मंजुरी मिळवा, आणि मग मंत्रिमहाशयांच्या हस्ते फीत कापवा, असा तिचा खाक्या होता. फीत पुलाला बांधतां येते. जमिनीखालच्या जुन्या गटाराला कोठें बांधणार? त्यांतून ज्या लहान गांवाच्या तिजोरींत स्वतःचा तिसरा हिस्सा भरण्याइतकेहि पैसे नसत, त्याला ह्या औदार्याचा उपयोग नव्हता. नगरांना मोठ्या देणगीपेक्षां दरवर्षीं न चुकतां येणारी मध्यम रक्कम अधिक मोलाची वाटे, कारण नळ टाकण्याचा आराखडा दहा-वीस वर्षांचा असतो.

आतां पेट्रोलवरील कराकडे वळूं. १९७५ च्या जून महिन्यांत अर्थमंत्री जॉन टर्नर यांनीं पेट्रोलवर गॅलनमागें १० सेंट असा केंद्राचा खास कर बसविला. त्याचा नगरांशीं किंवा रस्त्यांशीं संबंध नव्हता. जगांत खनिज तेलाचे भाव भडकले होते, पूर्वेकडील प्रांतांना परदेशचें महाग तेल घ्यावें लागत होतें, आणि त्यांना द्यावयाच्या भरपाईचा खर्च सरकारला भागवावयाचा होता. ती गरज सरली, पण कर राहिला. लागलेला कर स्वतःहून निघून गेल्याचें उदाहरण इतिहासांत विरळाच. १९९५ सालीं अर्थमंत्री पॉल मार्टिन यांनीं लिटरमागें दीड सेंट वाढवून तो १० सेंटांवर नेला. कारण दिलें तें अंदाजपत्रकांतील तुटीचें. तूट दोन-तीन वर्षांत नाहींशी झाली, आणि दीड सेंट जागच्या जागीं राहिला.

ह्या दीड सेंटाची गोष्ट लोकांच्या, विशेषतः महापौरांच्या, चांगली लक्षांत होती. मोटारी पळतात त्या बहुतांशीं शहरांच्या रस्त्यांवर. रस्ता झिजतो नगराचा, हवा बिघडते नगराची, आणि कर जातो ओटावाला, हा युक्तिवाद कोणासहि पटण्याजोगा होता. त्याला जवळचे दाखलेहि होते. आल्बर्टा प्रांतानें २००० सालीं आपल्या इंधन-करांतील लिटरमागें ५ सेंट कॅल्गरी व एडमंटन ह्या शहरांना देऊं केले होते. २००१ च्या मे महिन्यांत विनिपेग येथें पांच मोठ्या शहरांचे महापौर एकत्र जमले. नगरशास्त्रावरील आपल्या लेखनानें जगप्रसिद्ध झालेल्या जेन जेकब्स ह्या विदुषी त्यांच्या पाठीशीं होत्या. विनिपेगचे महापौर ग्लेन मरे यांनीं तर शहरांशीं ‘नवा करार’ करा, अशी घोषणाच दिली.

त्या घोषणेला उचलून धरणारा राजकारणी पुरुष निघाला तो पॉल मार्टिनच. पंतप्रधान होण्यापूर्वींच, २००३ सालीं, त्यांनीं पेट्रोलच्या करांतला वांटा नगरांना देण्याचें वचन दिलें. त्याच सालच्या डिसेंबरांत ते पंतप्रधान झाले. प्रथम त्यांनीं नगरपालिकांना त्यांच्या खरेदीवरील केंद्रीय विक्रीकर पुरता परत करण्याचें ठरविलें, आणि २३ फेब्रुवारी २००५ रोजीं अर्थमंत्री राल्फ गुडेल यांनीं मांडलेल्या अंदाजपत्रकांत पेट्रोलची तरतूद आली. पांच वर्षांत ५ अब्ज डॉलर्स. पहिल्या वर्षीं ६० कोटि, आणि पांचव्या वर्षीं २ अब्ज. सरकारनें हिशेब लिटरच्या भाषेंत सांगितला. पहिल्या वर्षीं लिटरमागें दीड सेंट, पांचव्या वर्षीं ५ सेंट, म्हणजे कराचा बरोबर निम्मा भाग. तुटीच्या नांवानें घेतलेला दीड सेंट तुटीचे दिवस संपल्यानंतर असा परतीच्या वाटेला लागला. घेणारा आणि देणारा मात्र एकच, हा योगायोग त्या वेळीं अनेकांच्या नजरेस आला असेल.

तथापि हा पैसा नगरांच्या हातीं पडण्यापूर्वीं मोठें नाट्य व्हावयाचें होतें. मार्टिन यांच्या पक्षाला २००४ च्या निवडणुकींत बहुमत मिळालें नव्हतें, आणि २००५ च्या वसंतांत एका जाहिरात-प्रकरणाच्या चौकशीनें सरकारची अब्रू पणाला लागली होती. सरकार पडलें असतें तर अंदाजपत्रकहि बुडालें असतें. अशा वेळीं जॅक लेटन यांच्या डाव्या पक्षानें पाठिंब्याची किंमत मागितली. कंपन्यांना देऊं केलेली करसवलत मागें घ्या, आणि तो पैसा घरें, शिक्षण, सार्वजनिक वाहतूक ह्यांवर खर्च करा. हे लेटन पूर्वीं टोरांटोचे नगरसेवक व देशांतील नगरपालिकांच्या महासंघाचे अध्यक्ष होते, हें येथें ध्यानीं घ्यावें. १९ मे रोजीं मतमोजणी झाली. मूळ अंदाजपत्रकाचें बिल २५० विरुद्ध ५४ मतांनीं पुढें गेलें. त्याला विरोधी कॉन्झर्व्हेटिव्हांनींहि मत दिलें. पुरवणी बिलावर मात्र दोन्ही बाजूंस १५२ मतें पडलीं. तेव्हां सभापति पीटर मिलिकन यांनीं आपलें निर्णायक मत टाकलें, आणि चर्चा पुढें चालू राहावी म्हणून तें बिलाच्या बाजूनें दिलें. सरकार तगलें. नगरांचा पैसा ज्या मूळ बिलांत होता तें जूनअखेर कायदा झालें.

आतां घटनेची अडचण होतीच. केंद्रानें नगरांना थेट पैसा द्यावा तर प्रांत रुसावयाचे. म्हणून प्रत्येक प्रांताशीं स्वतंत्र करार करण्यांत आले, आणि त्यांत कांहीं ठिकाणीं फार सुंदर तोड काढण्यांत आली. ब्रिटिश कोलंबिया व ऑन्टॅरिओ येथें वांटपाचें काम प्रांतिक सरकारकडे न देतां तेथील नगरपालिकांच्या स्वतःच्या संघांकडे सोंपविलें गेलें. टोरांटोशीं तर केंद्रानें वेगळा करार केला. वांटणीचें माप मुख्यत्वें लोकसंख्येचें. अर्ज नाहीं, स्पर्धा नाहीं, तिसऱ्या हिश्श्याची अट नाहीं. पैसा वर्षाच्या ठराविक वेळीं आगाऊ मिळावा. त्या वर्षीं खर्चला नाहीं तर शिल्लक ठेवावा. मोठ्या कामासाठीं त्याच्या भरंवशावर कर्जहि काढावें. एवढेंच कीं पाणी, सांडपाणी, कचरा, सार्वजनिक वाहतूक, रस्ते व पूल अशा ठरलेल्या कामांवरच तो लावावा, आणि ह्या पैशाच्या आधारें घरपट्टी कमी करूं नये. टोरांटोनें आपला वांटा मुख्यतः भुयारी गाड्या व बसगाड्यांकडे लावला. व्हॅन्कूव्हरच्या परिसरांतील गांवांनीं आपले वांटे एकत्र करून सामायिक वाहतूक-मंडळाला बळ दिलें. खेड्यापाड्यांनीं रस्त्यांवर खडी-डांबर घातलें आणि पाण्याच्या टांक्या दुरुस्त केल्या.

हा लोकसंख्येचा गज कांहीं साधी बाब नव्हे, आणि महाराष्ट्रीय वाचकाला त्याचें मर्म चटकन कळावें असा एक दाखला आपल्याकडे आहे. १९१९ च्या सुधारणा-कायद्यानें हिंदुस्थानांतील रस्ते प्रांतांच्या अखत्यारींत गेले, परंतु मोटारींचा सुळसुळाट झाला तसा तो भार प्रांतांना आणि जिल्हा-लोकलबोर्डांना पेलेनासा झाला. १९२७ सालीं मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमण्यांत आली. तिच्या शिफारशीवरून १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवरील जकात गॅलनमागें चार आण्यांवरून सहा आणे झाली, आणि वाढीव दोन आण्यांचा मध्यवर्ती रस्ते-निधि निर्माण झाला. अडचण तीच होती जी पुढें कॅनडाला भेडसावली: कर एकाच्या हातीं आणि काम दुसऱ्याच्या. परंतु तेथें दोन भेद दिसतात. एक, ह्या निधीची वांटणी प्रांतांना व संस्थानांना झाली, नगरांना नव्हे. दुसरा, ती पेट्रोलच्या खपाच्या मानानें झाली. जेथें मोटारी अधिक तेथें पैसा अधिक, हें रस्त्यांच्या दृष्टीनें न्याय्यच म्हणावें लागेल. कॅनडानें तें माप घेतलें नाहीं, कारण पेट्रोल हें त्याच्या योजनेचें नुसतें नांव होतें. काम नळांचें होतें, आणि तहान मोटारींच्या संख्येवर अवलंबून नसते.

आणि येथेंच ह्या सबंध प्रकरणांतील खरी मेख आहे. नगरांना पेट्रोलच्या करांतला वांटा मिळाला असें सर्वत्र बोललें गेलें. योजनेचें नांवहि तेंच होतें. परंतु कायद्यानें पेट्रोलच्या करांतून एक सेंटहि बाजूला काढून ठेवला नव्हता. कर पूर्वींप्रमाणेंच केंद्राच्या सामान्य तिजोरींत पडत होता, आणि त्याच तिजोरींतून एक ठरीव रक्कम नगरांना दिली जात होती. पेट्रोलचा खप वाढला म्हणून ती वाढत नसे, घटला म्हणून घटत नसे. जयकर-समितीच्या सल्ल्यानें झालेला निधि हा खराखुरा निधि होता. दोन आणे जमले तरच दोन आणे वांटले जात. कॅनडाचा ‘पेट्रोल-निधि’ म्हणजे पेट्रोलचें कुंकू लावलेलें साधें अनुदान होतें.

मग हें कुंकू लावलें कशाला? ह्याचें उत्तर राजकारणांत आहे. दिलेलें अनुदान बंद करणें सोपें असतें. ‘तुमच्याच करांतला तुमचा वांटा’ म्हणून दिलेलें काढून घेणें जड जातें. नांवानें ह्या पैशाला हक्काचें रूप दिलें, आणि नगरांना तें रूपच हवें होतें. त्याची कसोटी लौकरच लागली. २००६ च्या जानेवारींत मार्टिन यांचा पराभव झाला आणि स्टीफन हार्पर यांचें कॉन्झर्व्हेटिव्ह सरकार आलें. नव्या सरकारला शहरांचें विशेष प्रेम नव्हतें. केंद्रीय विक्रीकरांतला एक सेंट नगरांना द्या, अशी चळवळ टोरांटोचे महापौर डेव्हिड मिलर यांनीं २००७ सालीं केली, तेव्हां सरकारनें तो कर कमी केला, पण सेंट दिला नाहीं. आणि अर्थमंत्री जिम फ्लॅहर्टी यांनीं कॅनडा सरकारचा धंदा खड्डे बुजविण्याचा नव्हे, असें फटकळपणें सुनावलें. तरीहि पेट्रोलच्या नांवानें चाललेल्या पैशाला ह्याच सरकारनें हात लावला नाहीं. उलट २००७ सालीं त्याची मुदत वाढविली, २००८ त तो कायमचा करण्याचें जाहीर केलें, २०११ त वर्षाचे २ अब्ज कायद्यांत घातले, आणि २०१३ त महागाईचा विचार करून त्यांत दरवर्षीं दोन टक्क्यांच्या हिशेबानें वाढ ठरविली. विरोधकानें लावलेलें झाड आपण पाणी घालून वाढवावें, हें राजकारणांत क्वचित् घडतें.

तथापि दुसरी बाजू झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. योजना सुरू करतांना स्वच्छ हवा, स्वच्छ पाणी आणि कमी धूर हीं तिचीं उद्दिष्टें सांगितलीं होतीं. २०१६ सालीं केंद्राच्या पर्यावरण-आयुक्त ज्युली गेल्फंड यांनीं तिची तपासणी केली, आणि दहा वर्षांत १३ अब्जांहून अधिक डॉलर्स वांटूनहि हवा-पाण्यांत काय सुधारणा झाली तें संबंधित खात्याला नीट दाखवितां येत नाहीं, असा ठपका ठेवला. मधल्या काळांत कामांची यादीहि लांबत गेली होती. नळ व गटारें यांच्या शेजारीं क्रीडांगणें, सांस्कृतिक इमारती, पर्यटनाच्या सोयी, लहान विमानतळ येऊन बसले. अर्ज नाहीं व स्पर्धा नाहीं ह्या सोयीची ही किंमत होय. ज्याला विचारणारा कोणी नाहीं त्याला उत्तरहि तयार ठेवावें लागत नाहीं. परंतु दूरच्या राजधानींतील कारकुनानें निवडलेल्या पुलापेक्षां गांवकऱ्यांनीं स्वतः निवडलेलें क्रीडांगण पुष्कळदां अधिक उपयोगी पडतें, हेंहि तितकेंच खरें. ज्याच्या घरासमोरून गटार जातें त्याला त्याचा वास प्रथम येतो.

२०१९ सालीं आणि पुनः २०२१ सालीं केंद्रानें सुमारें २.२ अब्जांची एकेक जादा रक्कम ह्या खात्यांत घातली. दुसरी करोनाच्या सांथीनें नगरांचें उत्पन्न आटलें त्या वेळची. त्याच वर्षीं, जूनअखेर, पेट्रोलचें नांव काढून टाकण्यांत आलें आणि योजनेला ‘कॅनडा समाज-बांधणी निधि’ असें नवें नांव मिळालें. ह्या पैशाचा पेट्रोलच्या कराशीं संबंध नाहीं, ही गोष्ट सरकारनें अखेर उघडपणें मान्य केली. विजेवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यावर येत असतां लिटरच्या नांवाला चिकटून राहण्यांत शहाणपणा नव्हता, हें उघड आहे. पण नांवाबरोबर त्या नांवानें आलेली हक्काची भावनाहि थोडी सैल झाली असल्यास नवल नाहीं. २०२४ त प्रांतांशीं दहा वर्षांचे नवे करार झाले. २०३४ पर्यंत एकूण २६.७ अब्ज डॉलर्स द्यावयाचे ठरलें आहे, आणि ह्या वेळीं करारांत एक कलम अधिक आहे: तीस हजार किंवा त्याहून अधिक वस्तीच्या नगरपालिकांनीं आपल्या गांवीं घरांची गरज किती आहे, त्याचा अहवाल तयार करावा. घरांची टंचाई ही आज कॅनडांतील मोठी चिंता आहे आणि कलम गैर नाहीं. पण तें नगरांनीं मागितलेलें नसून ओटावानें घातलेलें आहे. १८६७ च्या कायद्यांतील आठवी बाब जेथें होती तेथेंच आहे.